दहा मण्यांची साखळी

छत्रपती संभाजीनगर
२७ ऑक्टोबर २०२५

विशाखाताई, जय भीम.

हे पत्र मी सहा तारखेलाच लिहायला घेतलं होतं. खोटं नाय सांगत. वर तारीख टाकली, जय भीम लिहिलं आणि पेन बंद पडलं. पेन आणायला औरंगपुऱ्यात गेलो तर तिथं एक म्हातारा फुटपाथवर जुने रेडिओ खोलून बसला होता. त्याच्या शेजारी बसलो. दोन तासांनी त्यातला एक रेडिओ बोलायला लागला तेव्हा आठवलं, आपण पेन घ्यायला आलोय. तोवर दुकान बंद. मग दिवाळी आली. मग वाटलं, आता इतके दिवस गेलेच आहेत तर चांगली बातमी असली तरच लिहावं, आणि चांगली बातमी काही येईना. म्हणून आज एकवीस दिवसांनी लिहितोय. आधी शिव्या देऊन घे, मग पुढं वाच.

फोन करायचा होतास म्हणशील, तर माझा फोन नाथसागराच्या तळाशी आहे, तुला माहीतंय, आणि तुझा तुझ्या सासूच्या लोखंडी पेटीत. डॉक्टरनं सातव्या महिन्यात बीपीसाठी झोपून राहायला सांगितलं, तर फोन कशाला काढून घ्यायचा? फोननं काय बीपी चढतो? पण त्या बाईपुढं बोलायची सोय नाय. गोजरमावशी नुसती बघते ना, तरी आपण काहीतरी चोरलंय असं वाटायला लागतं.

तर काम. लॅबमध्ये तुझ्या जागेवर मला तीन महिने बसवून तू पैठणला गेलीस, तेव्हापासून तू सांगितलंस तसंच करतोय. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, थेंबात तुझे प्लास्टिकचे मणी. (केसाच्या जाडीत चाळीस मणी मावतील असं मी इथल्या वॉचमनला सांगितलं. तो म्हणाला, मग हरवले तर सापडायचे कसे?) लाल लेझरच्या टोकात एकेक मणी धरायचा, ओढत आणायचा, रांगेत उभा करायचा. ते जमतं. मोबाईलच्या दुकानात दोन वर्षं बारीक तारा डागल्या, हात हलत नाय माझा, म्हणून तर तू मला घेतलंस. आयटीआय अर्धवट सोडलेल्याला दुसरं कोण उभं करणार होतं? दहा मणी रांगेला लागले की वरून निळा दिवा वीस सेकंद, म्हणजे मण्यांवरचा लेप घट्ट व्हावा. दाताचा डॉक्टर सिमेंट भरून निळी बत्ती मारतो तसं. मग लाल लेझर बंद.

आणि लेझर बंद केला रे केला की मणी शाळा सुटल्यासारखे चहूकडं. अकरा वेळा केलं, अकराही वेळा शाळा सुटली. शेवटी तर मी त्यांच्यावर ओरडलो. शेजारच्या खोलीतली सोनिया धावत आली, कोणाशी भांडतोयस म्हणून.

त्यात डिस्टिल्ड वॉटर संपलं. ते बनवायच्या यंत्राला नळाचं पाणी लागतं आणि नळाला पाणी आठ दिवसांनी. लॅबच्या मंजुषा मॅडम म्हणाल्या, बॅटरीत टाकायचं मिळतं ते एक कॅन आण. आणायला गेलो. दोस्त बद्रीनाथची गाडी होती, तो सीताफळं आणायला दौलताबादला चालला होता. तुलाही चार पाठवलीत. हे पत्र घेऊन येणाऱ्या मोतीरामकाकांच्या पिशवीत खाली असतील. वर रेशमाच्या लडी आहेत, त्या पैठणी विणणाऱ्यांच्या, त्या काढू नको.

तर बातमी. शनिवारी बाराव्यांदा केलं आणि शाळा सुटली नाय. लेझर बंद केला, दहाचे दहा मणी तसेच. थेंबात सरकत गेले, काठाशी जरा वाकले, पण एकानं हात सोडला नाय. सोनियाचं नेलपॉलिश घेऊन काचेच्या कडा बंद केल्या, ती काच आणि फोटो सोबत आहे. बघ.

तुझा
भूषण

*

पैठण
२९ ऑक्टोबर

भूषण,

आधी हे ऐक. तुझं प्रत्येक पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवावं लागतं. सासूबाईंची अट आहे: पत्र येऊ देईन, पण मला ऐकवायचं, एक शब्द न गाळता. "गोजरमावशी नुसती बघते ना" इथपर्यंत मी ओघात वाचत आले आणि मग थांबता येईना, कारण त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मी ते वाक्य पुरं केलं आणि त्यांनी नुसतं बघितलं. तू सुधारशील अशी आशा मी सोडली आहे, निदान अक्कल तरी वापर.

आता साखळी. कॉलेजच्या वेळचा जुना मायक्रोस्कोप पाटावर ठेवला, पाट उशीवर, आणि डाव्या कुशीवर पडल्या पडल्या बघितली. दहा मणी. चार वेळा मोजले. दोन वर्षं, भूषण. दोन वर्षं मी हे दहा मणी एकत्र राहावेत म्हणून त्या अंधाऱ्या खोलीत बसले, आणि ते राहिले कधी, तर मी इथं आडवी पडलेली असताना आणि तू तिथं असताना. मला आनंद झालाय. आणि तुझी मान मुरगळावीशीही वाटतेय, कारण तू सोबत पाठवलेल्या वहीच्या पानावर शनिवारखाली एवढंच आहे: "आज झालं!!" आणि एक सीताफळाचं चित्र.

मला सहा गोष्टी हव्यात. लेझर किती ठेवला, निळा दिवा किती सेकंद, खोली किती गरम होती, मणी कोणत्या बाटलीतले, काच कशानं धुतलीस आणि पाणी कोणतं. सहाही. आणि मी सांगेपर्यंत मॅडमना एक अक्षरही सांगू नकोस. एकदा झालेलं म्हणजे काहीच झालेलं नाही. तीनदा झालं तर मी मान्य करीन.

सासूबाईंनी सीताफळ खाल्लं, बिया ताटलीत ओळीनं लावल्या आणि म्हणाल्या, "हे आमच्या तिकडचं हाय." त्यांचं माहेर दौलताबादच्या पायथ्याचं. लग्नाला चार वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. मग मायक्रोस्कोपकडे बोट करून म्हणाल्या, "डोळ्याला दिसत नाय ते चिकटवून कुणाचं काय भलं व्हायचंय?" मी म्हटलं, उद्या अशा साखळ्यांची जाळी विणता आली तर पाण्यातलं नको ते गाळून काढता येईल. त्या म्हणाल्या, "फडकं हाय की."

सहा गोष्टी. लवकर.

विशाखाताई

*

छत्रपती संभाजीनगर
३ नोव्हेंबर

ताई, जय भीम. गोजरमावशी, तुम्हाला पण जय भीम. मागच्या पत्रातलं मनावर घेऊ नका. तुमची नजर चांगलीच आहे, जरा जास्त लांबची आहे एवढंच.

मॅडमना सांगू नको असं तुझं पत्र मला गुरुवारी मिळालं. मॅडमना मी सोमवारीच सांगितलं होतं. आता चिडून काय उपयोग? त्या इतक्या खूश झाल्या की मला स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची पोळी दिली. फोटो मोठा करून काढला, दारावर लावला आणि तुझ्या कामाला पैसे देणाऱ्या समितीला पण पाठवला. समितीनं लगेच उत्तर दिलं. वीस तारखेला सकाळी अकराला नागपूरचे परीक्षक स्वतः येणार, त्यांच्यासमोर साखळी करून दाखवायची. दाखवली की तुला बाळंतपणापुरती मुदतवाढ, आणि पुढंही काम तुझंच.

मला वाटलं होतं तुला बरं वाटेल. पण त्यानंतर मी चार वेळा केलं आणि चारही वेळा शाळा सुटली.

ताई, सगळं तसंच केलं. लेझर तोच, शनिवारी होता तेवढाच, खुणेवर पेन्सिलनं रेघ मारलीय. निळा दिवा वीस सेकंद, एकदा घाबरून तीस. खोलीत तापमापक आहे, सव्वीस. मणी तुझ्याच निळ्या झाकणाच्या बाटलीतले, ज्यांना तू वर्षभर बसून लेप दिलास. बाटली आता तळाला आली आहे, हे पण सांगून ठेवतो. काच स्पिरिटनं धुतली. आणि पाणी. पाण्यावरून आठवलं, रविवारी पाणचक्कीवर गेलो होतो. तिथल्या हौदातले मासे बघितलेस का कधी? एक माणूस लातूरहून आला होता, बायकोला सांगत होता की हे मासे निजामाच्या वेळचे आहेत. मी म्हटलं, काका, मासा इतका जगत नाय. तो म्हणाला, तुम्ही माशाचे डॉक्टर आहात का? त्यावरून आमचं असं जुंपलं की त्याच्या बायकोनं शेवटी दोघांनाही कुल्फी दिली. चांगली बाई होती.

मॅडमनी चिकलठाण्याहून चांगल्या डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन मागवलेत, आता तेच वापरतोय. तरी असं का होतंय ते लिही.

भूषण

*

पैठण
५ नोव्हेंबर

भूषण,

पाणचक्कीतले मासे मला नकोत. सहावा प्रश्न विचारला होता. तू पाच उत्तरं दिलीस आणि सहाव्याला कुल्फी खाल्लीस. "आता तेच वापरतोय" लिहिलंस. मग आधी कोणतं वापरत होतास? शनिवारी थेंबात कोणतं पाणी होतं?

तुला कळतंय का काय झालंय ते? दारावर लावलेला तो फोटो माझ्या नावानं आहे. वीस तारखेला परीक्षकांसमोर साखळी झाली नाही तर ते "पुन्हा प्रयत्न करा" म्हणून निघून जाणार नाहीत. ते विचारतील, हा फोटो आला कुठून? आणि माझ्याकडे उत्तर नसेल. एकदा हिनं फोटो बनवला असं कोणी म्हटलं की ते माझ्या मागे कायमचं लागलं. काम जाईल ते जाईल, माझ्यावर पुन्हा कोणी विश्वास ठेवणार नाही. आपल्या घरातून इथपर्यंत पोचलेली मी पहिली आहे, भूषण. मला असं खोटारडी ठरून घरी बसायचं नाही.

पत्र वाचताना माझा आवाज चढला तर सासूबाई उठल्या, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "त्यो पोरगा कायतरी लपिवतोय." त्यांना कळलं. मला आधी कळायला हवं होतं.

खरं लिही. सोमवारच्या आत.

विशाखा

*

छत्रपती संभाजीनगर
८ नोव्हेंबर

ताई,

लिहितो. मध्ये थांबवू नको.

त्या शुक्रवारी मी क्रांती चौकाजवळच्या बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेतला. खरंच घेतला. मग बद्रीनाथ भेटला, म्हणाला, दौलताबादला येतो का, तासात परत येऊ. कॅन गाडीला मागं दोरीनं बांधला. किल्ल्यापाशी गेल्यावर मला वाटलं, आता आलोच आहे तर अंधारी बघू. तिथल्या बोगद्यात गेलं की हात पण दिसत नाय, आणि गाईड एक मशाल पेटवून पुढं चालतो. तो मशाल हलवेल तशी सगळी माणसं हलतात, एक पण रांग सोडत नाय. मला तुझे मणीच आठवले. मशाल विझवली की यांचं काय होईल, ते बघायला मी शेवटपर्यंत थांबलो. विझवल्यावर सगळे एकमेकांना धरून उभे राहिले. बायका, अनोळखी माणसं, सगळे. मी एका पोलिसाचा हात धरला होता.

हे लांबण लावणं नाय, हे खरंच झालं. तर तिथून सीताफळवाल्यांकडं गेलो. परत निघताना बघतो तर कॅन आडवा झालेला, झाकण ढिलं, आत घोटभर पाणी. दुकान बंद व्हायची वेळ, आणि मॅडम विचारणार. सीताफळाच्या बागेच्या बांधाला एक हापसा होता. पाणी हातात घेऊन बघितलं, काचेसारखं स्वच्छ. प्यालो पण, जरा मचूळ लागलं. कॅन विसळला आणि भरून घेतला. मला वाटलं, पाणी म्हणजे पाणी. तू तीन वेळा बजावलं होतंस की डिस्टिल्डच वापर, पण मला वाटलं ते कचरा येऊ नये म्हणून असेल.

शनिवारी त्याच पाण्यात झालं.

आणि झाल्यावर मला कळलंच नाय की ते पाण्यामुळं आहे. मला वाटलं माझा हात बसला. इतक्या दिवसांनी मला काहीतरी जमलं असं वाटलं, ताई. म्हणून सांगितलं नाय. नवे कॅन आले तसं मी ते उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. थेंब शिल्लक नाय. मग चार वेळा फसलं आणि तेव्हा ते पाणी आठवलं.

मॅडमना माहीत नाय. मला हाकलायचं तर हाकल, मी काही म्हणणार नाय.

भूषण

*

पैठण
१० नोव्हेंबर

भूषण,

"थेंब शिल्लक नाय" इथं मी पत्र खाली ठेवलं आणि उशीत तोंड घालून ओरडले. तुला वाटलं पाणी म्हणजे पाणी! तू हापशाचं पाणी भरलंस, ते प्यालास, त्यात माझे मणी सोडलेस, आणि वहीत सीताफळ काढलंस. काय करू मी तुझं?

आणि मग मी उशीतून तोंड काढलं, कारण सासूबाई हसत होत्या. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "त्या बांधावरचा हापसा? आरं देवा. लई जड पाणी हाय ते. त्याच्यात डाळ शिजत नाय. लगीन होऊन हितं येईस्तोवर डाळ मऊ असती हेच मला ठावं नव्हतं."

डाळ शिजत नाही. मी तशीच उठून बसले, त्या ओरडल्या तरी.

नीट ऐक. या मण्यांच्या अंगावर सगळ्यांच्या एकसारखा विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. लेझर त्यांना रांगेत धरतो, पण त्यांच्यामध्ये फट राहते. निळ्या दिव्यानं लेप घट्ट होतो, पण ज्याचा त्याच्या अंगावर, शेजाऱ्याला टेकतच नाही. शुद्ध पाण्यात हे ढकलणं सगळ्यात जास्त. जड पाण्यात चुना असतो, क्षार असतात, त्यांनी ते ढकलणं मंद होतं. मणी टेकतात. आणि टेकलेल्यांनाच उजेड जोडू शकतो. दोन वर्षं मी पाणी जास्तीत जास्त शुद्ध करत बसले. जितकं शुद्ध केलं तितकं स्वतःचंच वाटोळं केलं. ही चूक तुझी नाही, माझी आहे, आणि याचा मला तुझ्या चुकीपेक्षा जास्त राग येतोय.

आता धावत जा. त्याच हापशावरून पाच लिटर आण. कॅनचं झाकण घट्ट लाव, हातात धर, मध्ये कुठंही उतरू नकोस. त्यातले क्षार मोजायला सोनियाला सांग. बाटलीत मणी किती उरलेत ते लिही.

विशाखाताई

*

छत्रपती संभाजीनगर
१४ नोव्हेंबर

ताई,

हापसा नाय राहिला. रस्ता रुंद करताहेत, त्यात तो उपटला. दांडा बाजूला पडलाय, भोकात मुरूम भरलाय. मी तिथल्या जेसीबीवाल्याशी भांडलो. तो म्हणाला, भाऊ, तुला पाणी पाहिजे तर बिसलेरी घे.

परत आलो. मंगळवारी नळाला पाणी आलं होतं, त्यात करून बघितलं. दोन मणी चिकटले, बाकी आठ सुटले. मग सोनियानं चुन्याचं मीठ काढून दिलं, तिच्या अंदाजानं पाण्यात टाकलं. मणी सोडले तर लेझर लावायच्या आधीच सगळ्यांची एक गुठळी. दही झालं दही. सोनिया म्हणाली, कमी-जास्त करत गेलं तर दहा-बारा वेळात बरोबर माप सापडेल. पण बाटलीत मणी उरले होते फक्त दोन थेंबांपुरते. त्यातला एक परवा टाकून बघितला, माप कमी पडलं, शाळा सुटली. आता एकच थेंब आहे. त्याला मी हात लावत नाय.

आणखी एक सांगतो. काल मी पिशवी भरून मध्यवर्ती बसस्टँडवर गेलो होतो. सोलापूरच्या गाडीत बसलो पण. तिथून हंपीला जावं असं डोक्यात होतं. मी नेहमी असाच जातो, तुला ठावं आहे, नाशिक सोडलं तसं, सुरत सोडलं तसं. कंडक्टर सुटे मागायला लागला, खिशात हात घातला तर लॅबची किल्ली. वीस तारखेला ती खोली उघडणार कोण? मला इतका वैताग आला त्या किल्लीचा. उतरलो. कंडक्टर शिव्या देत होता.

आता काय करू ते सांग.

भूषण

*

पैठण
१७ नोव्हेंबर

भूषण,

मला सुचत नाही. पहिल्यांदाच असं लिहितेय.

काल तुझं पत्र वाचून दाखवत होते. हापसा उपटला इथं आले आणि सासूबाई म्हणाल्या, "हापसा गेला तर गेला, त्यात काय." त्यात काय! माझा तोल गेला. म्हटलं, तुमचं काय जातंय, तुम्हाला तर हे सगळं पोरखेळच वाटतं, तुमच्या मनासारखं झालं, आता मी घरी बसणार. आणखीही बोलले, ते लिहीत नाही. रडले. त्या काही बोलायला गेल्या, मी भिंतीकडे तोंड केलं. आज पहाटेच्या एसटीनं त्या निघून गेल्या. शेजारच्या दगडाबाईंना माझ्याजवळ बसवून गेल्या आहेत, मला निरोपसुद्धा नाही. दगडाबाई म्हणतात, माहेरी गेल्यात. रुसल्या असतील. रुसू देत. या अवस्थेत मी कोणाकोणाची समजूत काढू?

पेटीची किल्लीही घेऊन गेल्या, नाहीतर फोन काढला असता.

तू गाडीतून उतरलास ते बरं केलंस. मॅडमना सगळं खरं सांग. हापसा, कॅन, सगळं. माझ्या नावावर खोटं नको. साखळी नाही झाली तरी चालेल, निदान फोटो कुठून आला ते तरी खरं कळेल.

शेवटचा थेंब तुझ्या मनानं वापर. तुझा हात खरंच चांगला आहे. त्या शनिवारी पाणी होतं, पण हातही होता.

विशाखाताई

*

छत्रपती संभाजीनगर
१९ नोव्हेंबर, दुपार

ताई, जय भीम.

मोतीरामकाका खाली थांबलेत. दोनच्या गाडीला त्यांना रेशीम न्यायचंय, म्हणून घाईत लिहितोय.

मॅडमना सांगितलं. काल सकाळी, उभ्यानंच. कॅन कसा सांडला तिथपासून. त्या अंधारीच्या गोष्टीत पण मी शिरलो होतो, पण त्यांनी चष्मा काढला म्हणून लवकर बाहेर आलो. सगळं ऐकून त्या दारावरच्या फोटोपाशी गेल्या. मला वाटलं, आता फाडतील. नाय फाडला. म्हणाल्या, "विशाखाला दोन वर्षं सापडलं नाही ते तुझ्या हलगर्जीपणातून सापडलं, याचा मला किती संताप येतोय हे तुला कळणार नाही." मग म्हणाल्या, उद्या परीक्षकांना हे सगळं तू स्वतः सांगायचं, याच क्रमानं, मासे आणि कुल्फी वगळून. ताई, तू त्यांना कधी कळवलंस माशांचं?

पण ताई, सांगून काय होणार? परीक्षक म्हणतील, ठीक आहे, दाखवा. आणि मी काय दाखवू? रस्त्यात पुरलेला हापसा? सकाळपासून त्या एका थेंबापुढं बसलोय. सोनियाचं माप बरोबर असेल तर साखळी, चुकलं तर दही, आणि मग सगळंच संपलं. निळ्या झाकणाच्या बाटलीला मी तीनदा हात लावला आणि तीनदा काढला. वॉचमन येऊन विचारून गेला, हरवले का मणी? मी त्याला बाहेर काढलं.

तुला बरं वाटेल असं काहीतरी लिहावं म्हणून बसलो होतो. नाय सुचलं. एवढंच लिहितो की पिशवी मी रिकामी करून खुंटीला टांगलीय. उद्या काहीही होवो, अकरा वाजता मी इथं

थांब. बाहेर वॉचमन कोणाला तरी अडवतोय. मॅडम पण बाहेर गेल्या. बघून येतो.

ताई, गोजरमावशी आल्यात.

खरंच. दारात उभ्या आहेत, घामानं चिंब, कमरेवर पितळी कळशी, कळशीच्या तोंडाला फडकं करकचून बांधलेलं. दौलताबादहून गाडीत कळशी मांडीवर धरून आल्या, एका माणसानं खाली ठेवा म्हटलं तर त्याच्यावर खेकसल्या म्हणे. वॉचमन म्हणतोय, आजी, पाणी आत न्यायचं नाय. त्या म्हणाल्या, "मग काय पायावर वतू व्हय?" आता चपला दाराबाहेर काढून आत आल्यात. कोणी सांगितलं नव्हतं, तुझ्याकडूनच कधी ऐकलं असणार. मी तोंड उघडायच्या आत मला म्हणाल्या:

"हापसा गेला तर गेला म्हटलं व्हतं मी. त्याच झऱ्यावर आमची हीर हाय. पुढचं ऐकायच्या आतच तुझी बहीण रडाय लागली. भावानं दोन दिस ठिवून घेतलं, न्हाईतर कालच आले असते. ह्ये घे. डाळ टाकून बघितलीय, शिजली न्हाई."

मॅडमनी त्यांना आपलं स्टूल दिलंय, त्या बसत नायत. मायक्रोस्कोपकडं बघताहेत. अशाच बघताहेत ना, ताई, आपण काहीतरी चोरल्यासारखं. आता म्हणताहेत, "आदी मला दाव, काय चिकटिवता ते."

मोतीरामकाका खालून हाका मारताहेत. पत्र इथंच ठेवतो. मावशींनी फडक्याला अशी गाठ मारलीय की सोडायला मला दोन्ही हात लागणार आहेत.